शब्बाथभर चालू ठेवलेला कंपायलर

२००२ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही कोकणात. पण इस्राएलमधल्या लोदच्या आमच्या घरात काय चालू राहील नि काय बंद होईल, ते मीच ठरवायचो.

धाकटी मुलगी आमच्याजवळ राहायची. नोकरीतून उरलेल्या वेळात ती एक कंपायलर सुधारायची. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. त्याला मालक नाही, जगभरची माणसं त्यात फुकट खपतात. काम मोठं दिलं की तो सगळी मेमरी खाऊन बंद पडायचा. तिने दोष शोधून दुरुस्ती केली. पण परदेशात तो कंपायलर सांभाळणारे म्हणाले, याच कंपायलरने स्वतःला पुन्हा बांधून दाखवावं, मग मानू. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यासाठी दिवस-रात्र लागे, म्हणून ती शुक्रवारी दुपारी सुरू करायची. शुक्रवारचा दिवस मावळला की शब्बाथ लागतो, नि शनिवारचा दिवस मावळेपर्यंत आम्ही ज्यू विजेच्या बटणाला हात लावत नाही.

दोन आठवडे काम अर्ध्यावर मेलं. ती आपल्या दुरुस्तीलाच दोष देत बसली. मग ध्यानात आलं, प्लग दिवाणखान्यातल्या दिव्यांबरोबर शब्बाथच्या घड्याळावर होता. जेवणं उरकली की घड्याळ दिवे घालवी, नि कंपायलरलाही.

पुढच्या शुक्रवारी मी लांब वायर टाकून प्लग स्वयंपाकघरात लावला.

दिवस मावळण्याआधी खालचे शेजारी वर आले. आमच्या मशिदीचा, म्हणजे सिनेगॉगचा, कारभार त्यांच्याकडे. पंख्याची घरघर ऐकून म्हणाले, शब्बाथला घरात कारखाना काढलात काय? मी म्हटलं, विजेची शेगडी आधीच लावून ठेवतो, जेवण तिच्यावर आपलं आपण गरम राहतं, कुणी हात लावत नाही, हे तसंच.

"भाऊ, बंद करा. नाहीतर उद्या तोरा वाचताना तुम्हाला बोलावणार नाही."

त्या आठवड्यात माझ्या वडिलांची पुण्यतिथी. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचताना पुढे बोलावतात, तो उद्याचा मान माझा होता. मुलगी स्विचकडे निघाली. हिब्रूत म्हणाली, राहू द्या पप्पा, नंतर बघू.

"हात लावू नकोस," मी तिला म्हटलं. नि त्यांना, "नका बोलावू. हे चालू राहील."

दुरुस्ती खरी निघाली, पुढे घेतलीही गेली. पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरघर चालूच होती. पांढरा सदरा घालून मी सिनेगॉगमध्ये गेलो, पुढच्या बाकावर माझ्या जागी बसलो. एकेकाला बोलावलं, मला नाही. कद्दिशची वेळ आली तेव्हा उठलो, नि मेलेल्या बापासाठीची ती प्रार्थना बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटली.