आपला माणूस आठ फटके पुढं

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात गोल्फच्या चेंडूला हात लावलेला नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते हैद्राबादला मुलाकडं चार महिने राहिले. तिथं एकदा मुलाच्या साहेबांबरोबर बॅटरीच्या गाडीत बसून त्यांनी त्या हिरव्या मैदानाला फेरी मारली, कॅन्टीनमध्ये सँडविच खाल्लं, आणि हुमनाबादला परत आले ते गोल्फचे जाणकार होऊनच. येताना एक पांढरी टोपी आणली. ती घालून ते भाजी आणायला जायचे.

जाणकाराला ऐकणारे लागतात. ते दोन मिळाले. एक तूरडाळीच्या मिलचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात. दुसरे निवृत्त तहसीलदार. निवृत्तीला किती वर्षं झाली तरी त्यांनी दारावरची हुद्द्याची पाटी काही उतरवलेली नाही. हे तिघं आमच्या दिवाणखान्यात बसून टीव्हीवर गोल्फ बघायला लागले. मी पोरांना आयुष्यभर कन्नडमधून गणित शिकवलं, विचार मात्र मराठीतून करत. शाळेत राहून दोन गोष्टी मला लगेच ओळखू यायला लागल्या, चुकलेलं उत्तर आणि न वाचता मान डोलावणारा पोरगा. आमच्या सोफ्यावर तसे तिघं बसलेले असायचे.

आषाढात इंग्लंडातली एक मोठी स्पर्धा सुरू झाली. समुद्रकाठचं मैदान, चार दिवसांचा खेळ, रोज अठरा होल. ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला. ठरलेल्या आकड्यापेक्षा जितके फटके कमी, तितके उणे. हे मला चहा टाकता टाकता समजलं. तहसीलदारांना दोन दिवस लागले.

"उणे बारा? म्हंजे मागं पडलाय की वो बिचारा."

"उणे म्हंजेच पुढं," हे म्हणाले. "जितकं कमी मारंल तितकं चांगलं."

"मग घरी बसलेला सगळ्यात पुढं म्हणायचा!"

यावर तिघंही खूप वेळ हसले. मी कप उचलून आत गेले.

शुक्रवारी जो पुढं होता, तो त्यांनी निवडला. तो कुठल्या देशाचा हे नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर तिघांनी तीन बोटं तीन ठिकाणी ठेवली असती. उंच, गोरा, ओठ घट्ट मिटलेला पोरगा. शनिवारी संध्याकाळी तो दुसऱ्यापेक्षा आठ फटके पुढं गेला आणि त्यांच्या बोलण्यात 'आपला' झाला. आपला मारायलाय. आपल्याला वारं लागायलंय. आपल्याला तहान लागलीय वाटतं.

मैदानावरही असलेच लोक होते, फक्त पैसे भरून आलेले. दोराच्या बाहेरून हजारोंनी त्याच्या मागं चाललेले. त्याच्या जोडीला दुसऱ्या नंबरचा खेळाडू होता, लाल टोपीचा, वयानं जरा मोठा. मी मुरमुऱ्याचा सुशीला घेऊन बाहेर आले तेव्हा आपल्याचा चेंडू होलमध्ये पडला. टाळ्या झाल्या, आणि सगळी गर्दी उठून पुढच्या होलकडं पळायला लागली, चांगली जागा धरायला. लाल टोपीवाल्याचा जवळचा फटका राहिला होता. तो वाकला, परत सरळ झाला, लोकांच्या पाठींकडं बघितलं आणि थांबला. कुणीतरी हात वर करून गर्दीला थांबा म्हणत होतं. कुणी थांबलं नाही.

"अहो, त्याचं अजून राह्यलंय की," मी म्हणाले.

"त्याचं काय बघायचं वैनी," शेठ म्हणाले, "त्यो आठ मागं हाय." आणि वाटी पुढं केली.

रविवारी सकाळी शेठच्या मिलच्या फाटकावर फ्लेक्स लागला. वर काठी खांद्यावर घेतलेला तो गोरा पोरगा, खाली तीन गोलांत हे तिघं. आमच्या ह्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. कन्नडमध्ये आणि मराठीत 'हार्दिक अभिनंदन'. आमच्याकडं फ्लेक्स कशालाही लागतो, आमदाराच्या पुतण्याच्या वाढदिवसालाही. पण न जिंकलेल्या माणसाचं अभिनंदन मी पहिल्यांदाच बघितलं.

"अजून एक दिवस राह्यलाय की वो," मी ह्यांना म्हणाले.

"आठ फटके! तुला त्यातलं कळत न्हाई."

संध्याकाळी शेठ मिरची भजी आणि जिलबी घेऊन आले. सोबत फटाक्यांचं खोकं, निवडणुकीच्या मिरवणुकीतून उरलेलं. पहिल्याच होलला आपल्याचा एक फटका जास्त गेला आणि लाल टोपीवाल्याचा एक कमी. "चालतंय," हे म्हणाले. चौथ्या होलला आपला वाळूच्या खड्ड्यात गेला. खड्डा विहिरीसारखा, कड त्याच्या छातीला लागणारी. मारला, परत पायाशी. मारला, परत पायाशी. तहसीलदारांनी जिलबी ताटात ठेवली. नवव्या होलपर्यंत आठाचे तीन झाले.

मग तिघांचं बोलणं बदलत गेलं, तेही माझ्यासमोर, लाजही न वाटता. आधी 'आपला' गेला, 'हा' आला. बाराव्या होलला तिनाचा एक झाला तेव्हा शेठ म्हणाले, "ह्याला घमेंड लई होती." तहसीलदार म्हणाले, "मी पयल्या दिवशीच म्हणलो होतो, उणे म्हंजे मागं." आणि आमचे हे, जाणकार, सोफ्यावर मागं रेलून म्हणाले, "काल पास्नंच त्याचं मनगट ढिलं पडायलंय. लाल टोपीवाला खरा खेळाडू. अशा माणसाच्या मागं आपलं नाव लावून घेणं बरं न्हाई."

शेठना फ्लेक्स आठवला. त्यांनी वॉचमनला फोन लावला. "उतरव त्यो बोर्ड. आत्ताच. सकाळी बाजारला लोक जातेत तितनं."

दोनच होल झाले. चौदाव्याला लाल टोपीवाल्याचा चेंडू काटेरी झुडपात गेला, सापडला तो खेळता येण्याजोगा नव्हता. दोन फटके गेले. त्या गोऱ्या पोरानं सोळाव्याला लांबून चेंडू घातला. शेठ उभे राहिले. "आला की वो आपला!" परत फोन. "अरे, लाव त्यो बोर्ड."

फोनचा आवाज मोठा होता, वॉचमनचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "शेठ, एकदाच काय ते सांगा की. मी शिडीवरच थांबू का?"

त्या सबंध संध्याकाळी शहाणपणाचं बोललेला तो एकटाच.

तो पोरगा चार फटक्यांनी जिंकला. फटाके उडाले, शेजाऱ्यांना वाटलं क्रिकेटचं काही झालं. तिघांनी एकमेकांना जिलबी भरवली. "मी म्हणलो नव्हतो?" असं प्रत्येकानं दुसऱ्याला विचारलं, आणि प्रत्येकानं "व्हय व्हय" म्हटलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण ह्यांचं ते एक वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शब्दसुद्धा तेच. अशा माणसाच्या मागं आपलं नाव लावून घेणं बरं न्हाई.

ते वाक्य एका इंजिनिअराबद्दल होतं. मूळचे चिंताकी गावचे, ह्यांच्याच खात्यातले, ह्यांना दोन वर्षं सीनियर. बढतीच्या यादीत सगळ्यांच्या कितीतरी पुढं. एक दिवस खात्याचे मुख्य होणार म्हणायचे सगळे. बीदरला त्यांच्या क्वार्टरमध्ये रविवारी माणूस मावत नसे. आम्हीही तिथंच असायचो. हे लग्नकार्यात स्वतःची ओळख करून देताना 'मी त्यांचा माणूस' असं म्हणायचे.

मग एका तळ्याच्या बांधाचं काम आलं. माती नीट दाबलेली नाही, काम पुरं झालं असं मी लिहून देणार नाही, असं ते म्हणाले. वरून सांगून बघितलं, घरी माणसं पाठवून बघितली. ते हलले नाहीत. महिन्याभरात भलतंच काहीतरी काढून त्यांना निलंबित केलं. बांधाची फाईल मग ह्यांच्या टेबलावर आली. ह्यांनी सही केली. बांध त्या पावसाळ्यात फुटला नाही, असं हे अजून सांगतात. पुढच्या पावसाळ्यात फुटला आणि खालची तुरीची रानं वाहून गेली, ते सांगत नाहीत.

त्या रविवारपासून त्या क्वार्टरमध्ये कुणी गेलं नाही. आम्हीही. चौकशीत ते पुढं निर्दोष ठरले, पण तोवर नोकरीचे दिवसच संपले होते. ते गावाकडं शेती करायला गेले. एकदा उदगीरला एका लग्नात त्यांच्या बायकोनं मला लांबून हात केला. माझा मुलगा कावीळ होऊन पडला होता तेव्हा महिनाभर दोन्ही वेळचा डबा त्या बाईनं पाठवला होता. मी शेजारणीच्या साडीचा काठ बघत राहिले.

म्हणजे त्या तिघांना नावं ठेवणारी मी काही फार वेगळी नव्हते. मी फक्त सोफ्यावर बसले नव्हते.

सोमवारी सकाळी मी ह्यांना म्हणाले, "चिंताकीला जाऊन येऊ."

"आता कामून? इतक्या वर्षांनी?"

"गाडी काढतावं का मी बसनं जाऊ?"

बायको एकटी बसनं गेली तर लोक काय म्हणतील, हे त्यांना अपमानापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी गाडी काढली. भालकीला पेढे घेतले. औरादच्या पुढं टपऱ्यांवर तेलुगू कानावर यायला लागलं. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, "काय म्हणावं आधी?" मी म्हणाले, "जे म्हणायचंय ते."

इंजिनिअर ओट्यावर बसून तुषार सिंचनाची तोटी जुन्या टूथब्रशनं घासत होते. बनियन, पंचा, पूर्वीपेक्षा बारीक. आम्हाला बघून उठले नाहीत आणि चिडलेही नाहीत. "या, बसा," म्हणाले. जणू आम्ही परवाच येऊन गेलो होतो.

माझ्या नवऱ्यानं पेढे पुढं ठेवले, घसा साफ केला आणि गोल्फबद्दल बोलायला लागले. आठ फटके कसे पुढं होता, वाळूत कसा अडकला, परत कसा वर आला. अर्धा तास. हातवारे करून. कपाळाला घाम आलेला. मी वाट बघत होते की आता वळतील, आता म्हणतील. ते सतराव्या होलला पोचले. इंजिनिअर तोटी घासत ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "वारं कुठून होतं?"

ह्यांना ठाऊक नव्हतं.

"वाऱ्यावर बरंच असतं त्यात," ते म्हणाले आणि तोटीत फुंकर मारून आरपार बघितलं.

मला ते बघवेना. मी आत गेले. वहिनी गॅसपाशी उभ्या राहून चहा करत होत्या. केस सगळे पांढरे. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, लेकाची चौकशी केली, नातू किती वर्षांचा ते विचारलं. मग चहा उकळायला ठेवून म्हणाल्या, "तुमचा नंबर बदललाय न्हवं का? त्या वर्षी मी लई येळा फोन लावला होता. कुणी उचलेना. म्हणलं बदलला आसंल."

फोन वाजायचा तेव्हा पडद्यावर त्यांचं नाव यायचं. मी तो पालथा करून ठेवायची.

"व्हय," मी म्हणाले. "बदलला होता."

"मग आता नवा सांगा की. लिहून ठेवते." त्यांनी कपाटातून जुनी वही काढली, चष्मा लावला, माझ्या नावाचं पान उघडलं. दुसरा नंबर मी कुठून आणणार होते? मी माझा नंबर सांगत गेले. त्या पेन हातात धरून, आधी लिहिलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. शेवटच्या आकड्यापर्यंत. पेन कागदाला लागलंच नाही.

त्यांनी वही मिटली आणि कपाटात ठेवली.

"साखर चालते न्हवं?" त्यांनी विचारलं.

मला डॉक्टरांनी साखर बंद केलीय. मी चालते म्हणाले आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले.

निघताना ते दोघं फाटकापर्यंत आले. त्यांनी आम्हाला पिशवीभर मूग दिले, घरचे. ह्यांनी पिशवी घेतली आणि नमस्कार केला. जे म्हणायला आलो होतो ते शेवटपर्यंत ना ह्यांनी म्हटलं, ना मी.

भालकी यायच्या आत ह्यांनी शेठना फोन लावला होता. "चिंताकीला आलो होतो. आमचे जुने साहेब हायत इथं. लई सच्चा माणूस. पयल्यापास्नं आमचा घरोबा." तिकडून शेठ काहीतरी म्हणाले, हे मोठ्यानं हसले.

मी शेजारीच बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. खोटं बोलताय, असं म्हणणं मला सोपं होतं. पण तासाभरापूर्वी मीही तेच करून आले होते. हे हुमनाबादपर्यंत फोनवर बोलत राहिले.