सात मिनिटं मागे

आधी स्क्रिप्टचं सांगतो. ते सांगायला सोपं आहे.

आमची कंपनी ठाण्यात, नौपाड्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो: केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांचा साठा. पेशंटची माहिती दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ठेवायची नाही, असा मालकांचा हट्ट. म्हणून तिसऱ्या मजल्यावर आमचं स्वतःचं खाजगी क्लाउड आहे. क्लाउड म्हटलं की लोकांना काहीतरी वर, हवेत असेल असं वाटतं. आमचं म्हणजे काचेच्या दारामागची गार खोली, आत काळी कपाटं, आणि दारावर वर्षानुवर्षं लटकलेलं दसऱ्याचं सुकलेलं तोरण.

चार वर्षांपूर्वी ठरलं की सगळे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये घालायचे. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याचं सगळं सामान एका बंद डब्यात. डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, चालला पाहिजे. असे डबे सांभाळायला मशिनींची एक टोळी लागते. एक मुख्य, बाकीच्या तिच्या हाताखालच्या. त्या टोळीला क्लस्टर म्हणतात. ही टोळी उभी करायचं काम माझा एक सहकारी हाताने करायचा. मला सांगण्यात आलं, हे ऑटोमेट कर. एक कमांड दिली की मशिनी तयार व्हाव्यात, त्यांच्यावर हवं ते बसावं आणि हाताखालच्या मशिनी आपोआप मुख्य मशीनला जाऊन मिळाव्यात. माणसाने मध्ये बोट लावायचं नाही.

माझी स्क्रिप्ट शेवटच्या पायरीवर पडायची. रोज. मशिनी तयार, सगळं बसलेलं, आणि नेमकं जोडणीच्या वेळी लाल अक्षरांत एकच ओळ: जोडणी झाली नाही. खालची लांबलचक बडबड मीच बंद केलेली, स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून. सगळं पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून चालवायचं, पुन्हा तिथेच पडायचं. चिडून खाली टपरीवर जायचो, चहा प्यायचो, वर येऊन फक्त ती शेवटची पायरी पुन्हा द्यायचो, की लगेच जोडली जायची! काही न बदलता. मी कोड ओळीओळीने वाचला. नेटवर्क तपासलं. मशिनी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ऑफिसात चेष्टा सुरू झाली. "काय रे, आज मशिनींना चहा पाजलास का?" आमचे हेड तर सगळ्यांसमोर म्हणाले, "स्क्रिप्टमध्ये कटिंगची ऑर्डर पण टाक. फुल ऑटोमेशन."

आणि शेजारच्याच टेबलावर तो सहकारी. माझ्याच वयाचा, डोंबिवलीत मानपाड्याला राहणारा, मूळ कोकणातला. समोर लांबडी वही, त्यात प्रत्येक पायरी निळ्या पेनाने लिहिलेली, पुढे एक चौकट. पायरी झाली की चौकटीत खूण. दोन बोटांनी टाइप करायचा आणि टाइप केलेलं परत एकदा वाचायचा. त्याचं बघत बसलं तर झोप येईल. पण त्याचं क्लस्टर पहिल्या फटक्यात उभं राहायचं. प्रत्येक वेळी. "त्याच्या हाताला यश आहे," असं लोक म्हणायचे. ते वाक्य मला खुपायचं. आज कबूल करतो, फार खुपायचं.

तो मात्र माझ्याजवळ येऊन बसायचा. "अरे, तू मशिनींना घाई करतोस बाबा. जरा दम खाऊ दे त्यांना."

"मशीनला दम नसतो."

"नसू दे. शेवटच्या पायरीआधी दहा मिनिटं थांबव ना. काय जातंय?"

"का थांबायचं ते कळल्याशिवाय मी थांबणार नाही. हे ऑटोमेशन आहे, उपास नाही."

तो हसला आणि उठून गेला. त्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

एका दुपारी, जेवण झाल्यावर, नाइलाजाने मी ती बंद केलेली बडबड उघडली. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मुख्य मशीन बाकीच्यांना स्वतःची ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते. ते अमुक वेळेपासून लागू असतं. हाताखालच्या मशिनी म्हणत होत्या, ती वेळ अजून झालेलीच नाही. खाली दोन वेळा छापलेल्या, मुख्य मशीनची आणि यांची. मुख्य मशीन नव्या कपाटात होती, ती बाहेरून बरोबर वेळ घ्यायची. बाकीच्या आमच्या जुन्या टाइम सर्व्हरकडून, म्हणजे सगळ्यांना वेळ सांगणाऱ्या मशीनकडून घ्यायच्या, आणि तो मागे होता. म्हणून चहा पिऊन आलं की जमायचं. म्हणून दोन बोटांनी टाइप करणाऱ्याचं जमायचं. त्याला शेवटच्या पायरीपर्यंत पोचायलाच तेवढा वेळ लागायचा. किती मागे, ते मला वजाबाकी करून बघावं लागलं नाही. सात मिनिटं. मला माहीत होतं, कारण ती सात मिनिटं मीच मागे केली होती.

आता हे सांगतो.

त्याच्या काही वर्षं आधी माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. सकाळी त्यांचा हात-पाय हलवून घ्यायचा, पुसून काढायचं, मग डोंबिवलीहून निघायचं. रोज पाच-सहा मिनिटं उशीर. हजेरीचं बोट लावायचं मशीन दारातच, आणि तीन उशिरांना अर्धी रजा कापली जायची. त्या हजेरीच्या मशीनला वेळ त्याच जुन्या टाइम सर्व्हरकडून यायची. तो सर्व्हर माझ्या सहकाऱ्याच्या ताब्यात. गणपतीला तो गावी निघाला तेव्हा त्याने मला चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला. "काही अडलं तर बघ रे, तुझ्याशिवाय कोणाला देत नाही." त्याच आठवड्यात मी सर्व्हरचं बाहेरून वेळ घेणं बंद केलं आणि काटा सात मिनिटं मागे ओढला. ठरवलं होतं, तो परत यायच्या आत पूर्ववत करीन. केलं नाही. हजेरीचं घड्याळ मागे आहे हे पंधरा दिवसांत सगळ्या मजल्याला कळलं; प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतोच. कोणी बोललं नाही. संध्याकाळी सात मिनिटं जास्त बसावं लागायचं, त्याचीही कोणी तक्रार केली नाही. कोणी केलं हेही कोणी विचारलं नाही.

तर त्या दुपारी मी त्या दोन वेळांकडे बघत होतो आणि हेड मागे येऊन उभे राहिले.

"मिळालं?"

"मिळालं. जुना टाइम सर्व्हर सात मिनिटं मागे आहे."

"आपोआप?"

"नाही. कोणीतरी हाताने केलंय."

"तो सर्व्हर कोणाकडे असतो?"

मी त्याचं नाव घेतलं. तेवढंच. 'त्याने केलं' असं म्हणालो नाही. या एका गोष्टीवर मी पुढे तीन वर्षं झोपलो.

हजेरीचं घड्याळ मागे केलं म्हणजे कंपनीला फसवलं, असा अर्थ एचआरने काढला. सर्व्हरला एकच लॉगइन होतं, त्यामुळे कोण गेलं याचा पुरावा नव्हता. मीटिंगमध्ये आम्ही पाच जण. त्याला विचारलं, हे तुम्ही केलं का? त्याने वहीची पानं मागे चाळली. मग म्हणाला, "मी केलं असेन तर मला आठवत नाही."

हे काय उत्तर झालं? मला त्याचा राग आला. खरंच आला. अरे, नाही म्हण ना! तू नाही म्हणालास तर विषय पुढे तरी जाईल. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसलो. महिन्याच्या आत त्याने राजीनामा दिला. चौकशी थांबवतो, पण राजीनामा द्या, असं त्याला सांगितलं होतं. माझी स्क्रिप्ट चालली. पेढे वाटले. जाताना त्याने माझा पेढा घेतला आणि म्हणाला, "जमलं ना शेवटी? बरं झालं."

स्क्रिप्टमध्ये मी पहिलीच पायरी घातली: सगळ्या मशिनींची वेळ तपासणे. दर वेळी पहिली ओळ येते, 'वेळ तपासली: ठीक.' तीन वर्षं ती ओळ मी वाचतोय. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्यामागे लपायचीही सोय उरली नाही.

या महिन्यात एका रविवारी सकाळी मी मानपाड्याला गेलो. तो आता एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इन्व्हर्टर दुरुस्त करतो.

"अरे, तू? ये ये. चपला आत काढ, बाहेर कुत्रं पळवतं."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, सगळं, वर लिहिलंय तसं. तो ऐकत राहिला. मग एकच विचारलं, "मी गणपतीला गेलेलो तेव्हा?"

"हो."

"मी चिठ्ठी दिलेली."

"हो."

तो उठला, फ्रिजवरून एक वही काढली आणि माझ्यासमोर धरली. तेच निळं पेन, त्याच चौकटी. गॅस बंद केला. कुलूप लावलं. कुलूप ओढून पाहिलं. गोळी घेतली. पानंच्या पानं.

"मला वाटलं मीच केलं आणि विसरलो," तो म्हणाला. "माझ्या बाबांचं असंच सुरू झालेलं. आधी घड्याळं, मग माणसं. मी डॉक्टरकडे जाऊन आलो. फोटो काढले डोक्याचे. काही निघालं नाही, तर वाटलं मशीनला दिसत नसेल."

मी माफी मागायला गेलो होतो.

वहिनी चहा घेऊन आल्या. तो म्हणाला, "आता हे हिला सांग. मी नाही सांगणार. तू सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते छोटं झालं. वहिनींनी ट्रे तसाच हातात धरलेला.

"भाऊजी, तीन वर्षं मी यांच्या मागे कुलूप बघत फिरतेय," त्या म्हणाल्या. "हे झोपेतून उठून मला विचारतात, मी कोणाचं काही केलं नाही ना? आणि ऑफिसात कधी सांगणार?"

"उद्या सांगतो."

"उद्या का? तुमच्याकडे रविवारी मेल जात नाही?"

मी तिथेच मोबाइलवर लिहायला लागलो. हेड, एचआर, मालक. लिहिलेलं त्याला दाखवलं. त्याने दोन वेळा वाचलं, त्याच्या सवयीप्रमाणे.

"वडिलांचं काढ यातून."

"पण कारण तेच होतं रे."

"असेल. काढ."

मी काढलं. उरल्या चार ओळी. पाठवलं. त्याने वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'मेल गेली', खूण. खाली लिहिलं, 'कंपनीचं पत्र आलं', आणि पुढची चौकट मोकळी ठेवली. चहा तसाच राहिला. तो गरम करून देऊ का, असं कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी हेडनी मला बाजूला घेतलं. "कशाला उकरतोस आता? सिस्टीम चालतेय ना?" एचआर म्हणतं, फाइल बंद झाली, उघडायची तर वरून परवानगी हवी. मालक बाहेरगावी. मी लेखी मागितलंय की त्याने काही केलं नव्हतं असं पत्र त्याला द्या आणि माझ्यावर काय करायचं ते करा. माझ्यावर काय करायचं यातही कोणाला रस नाही. जी माणसं एका नावावर महिन्यात निकाल लावून मोकळी झाली, ती आता आठवडाभर नुसती फाइल शोधतायत. मी रोज विचारतो. रोज तिथेच पडतं, त्याच शेवटच्या पायरीवर.

काल संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे विचारतायत, खूण करू का?"

"अजून नाही, वहिनी."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.