देवीने दोन्ही वेळा उजवा कौल दिला

देवीपुढे मी आजवर पुष्कळ मूर्खपणा केला, पण पहिलं घर घेताना केला तेवढा कधीच नाही. तेव्हा मी तिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत असे. अंबरनाथला भाड्याच्या खोलीत अकरा वर्षं काढली होती. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोली हवी झाली. बदलापूरजवळ खरवईला नवी इमारत होत होती. तिथला तळमजल्यावरचा वन रूम किचन त्यातल्या त्यात स्वस्त, तरी हप्ता भरून यांच्या पगारातलं अर्धंही उरणार नव्हतं. रविवारी बिल्डरला टोकन द्यायचं होतं. हे कारखान्यातून येत, चहा पीत आणि म्हणत, "तू सांगशील तसं." मी काय सांगणार, कपाळ! सकाळी घ्यावंसं वाटे, भाजीवाल्याशी घासाघीस करताना नको वाटे, कुकरची शिट्टी झाली की पुन्हा घ्यावंसं वाटे.

शेवटी शनिवारी डोंगरावरच्या देवीला गेले. आमच्यात अडल्या कामाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारलं, "आई, घर घेऊ का?" उजवी पडली. पाया पडून निघावं की नाही? पण 'हो' मिळाल्याबरोबर मला हप्ता आठवला. गुरवकाकांना म्हटलं, "काका, अजून एकदा लावा. नाही घेतलं तर चालेल का, असं विचारा." त्यांनी नव्या पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. पुन्हा उजवीच पडली.

"घ्या!" काका म्हणाले. "घेतलं तरी चालेल, नाही घेतलं तरी चालेल. आता तिसरं काही विचारू नका बाई, देवीलाही काही सहनशक्ती आहे."

पायरीवर बसून मी रडायलाच लागले. शेजारी ठाकरवाडीतली एक म्हातारी करवंदं विकत होती. तिने विचारलं, मी सगळं सांगून टाकलं.

"खरवईला, वढ्याच्या अंगाला? अगं बाय, लय झ्याक जमीन! माझा बाप तितं भात लावायचा. पाऊस लागला का गुडघाभर पानी, हालायचं नाव नाय." करवंदांचा द्रोण तिने माझ्या हातात ठेवला. पैसे काही घेतले नाहीत.

झालं! हाच देवीचा तिसरा कौल, असं समजून मी धावत घरी आले. "अहो, जागा मोठी पुण्याईची आहे. तिथं भात पिकायचं, गुडघाभर पाण्यात!"

यांनी कप खाली ठेवला. लहानपणी गावाला चिखलात भाताची आवणी केलेला माणूस. "अगं, पाणी भाताला लागतं. आपल्याला गादीवर झोपायचंय."

रविवारी आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा वन रूम किचन घेतला. तो आणखी महाग. माझ्या बांगड्या गेल्या, यांनी ओव्हरटाइम केला, आणि मी वर्षानुवर्षं त्याच एका साडीत लग्नांना गेले. मग एका पावसाळ्यात ओढा इमारतीत शिरला. तळमजल्यावरची तीन कुटुंबं दोन दिवस आमच्या एवढ्याशा घरात होती, आणि मी पातेलंभर खिचडीवर खिचडी शिजवत होते. खालच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला आधी कसं हो कळलं?"

मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "देवीने सांगितलं."

कोपऱ्यातून हे म्हणाले, "सांगितलं खरं. हिला कळलं नव्हतं, एवढंच."

ती म्हातारी मला पुन्हा कधी भेटली नाही. कोण होती, याचा मी वाद घालत नाही. करवंदं गोड होती. दोन्ही वेळा उजवी का पडली, हेही मला आजतागायत उमगलेलं नाही. कधी वाटतं, आई म्हणत होती, घे किंवा नको घेऊ, मी आहेच. कधी वाटतं, डाव्या खांद्यावर पाणी जास्त लागलं असेल. आता मी देवीला एकदाच विचारते. उत्तर कळलं नाही तरी हात जोडून खाली येते, आणि पायरीवर कुणी बसलेलं असलं, तर जरा त्याच्या शेजारी टेकते.