आभाळातल्या पाहुण्यानं प्यायलेलं पाणी

१९७६ साली मी पंचावन्न वर्षांचा होतो. सोलापुरात चादरीच्या मागावर रातपाळी करून तसाच अक्कलकोटच्या एस.टी.त बसलो आणि पुढं हद्दीपलीकडच्या कानडी गावात लेकीकडं गेलो. अंग मोडून आलं होतं. पिशवीत माझी भाकरी आणि माझा फिरकीचा तांब्या. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मीही रीत मोडली नव्हती.

ओसरीवर टेकलो, तशी लेक हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी तांब्या काडला की शेजारणी माझ्या पोटाकडं बगत्यात. पुढच्या खेपंला तांब्या आणायचा असंल, तर येऊच नगा."

"रीत काय मी काडली व्हय?" मी म्हणालो. ती आत गेली.

संध्याकाळी गाव शाळेपुढं जमलं. सरकारनं तिथं टीव्ही ठेवला होता. छपरावर जाळीची मोठी परात. चित्रं तिच्यात थेट आभाळातनं उतरतात म्हणे. त्या दिवशी नवी मालिका सुरू झाली. मी टीव्ही पहिल्यांदाच बघत होतो, तोही जांभया देत. एक माणूस यानात बसून दुसऱ्या ताऱ्यावर उतरला. यान कसलं, पत्र्याचा डबा! तो ज्याला लोंबकळत होता तो दोरा मला दिसला. जन्म सुतात गेला, दोरा दिसणारच. तिथल्या लोकांना कपाळावर तिसरा डोळा, आणि बोलतात मात्र चांगलं कानडी. गाव आ वासून बसलेलं. एवढ्यासाठी आभाळाला कशाला त्रास दिला, असं मला वाटलं.

मग ताऱ्यावरची एक म्हातारी भांडं घेऊन पुढं आली. पाहुण्यानं काचेचं टोपडं काढलं आणि गटागटा प्यायला.

"खुळा हाय," मी म्हणालो. "ना वळख ना पाळख, आन लगेच पाणी पितोय."

बायकांतून लेकीची सासू बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याला ताऱ्यावरचं चालतं की! सोलापूरच्या पाव्हण्यांना आमच्या आडाचं चालंना."

सगळे हसले. लेक हसली नाही. तिनं मान इतकी खाली घातली होती की मला नुसता तिचा भांग दिसत होता. त्या यानवाल्याचं पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही.

मालिका फालतूच होती. आजही माझं मत तेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या आडावर शेजारणी पाणी भरायला आल्या होत्या. मी मुद्दाम तेव्हाच तिथं गेलो. लेकीला म्हणालो, "घागर वाकीव." ती बघतच राहिली.

"वाकीव की! एस.टी. चुकंल माझी."

सगळ्यांदेखत ओंजळीनं पोटभर प्यालो. पाणी जरा मचूळ होतं, ते बोललो नाही. तांब्या तिच्या फळीवर ठेवला आणि निघालो.