मोहाला गेलेली पुस्तकं

माझ्या आयुष्यात ज्यांचं ऋण सगळ्यांत मोठं, ते म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे भाऊ; आणि रिकामं कपाट पाहून आनंदानं डोळे भरून येणारा असा दुसरा ग्रंथपाल या पृथ्वीवर झाला नसेल, असं माझं मत आहे. इतर ग्रंथपाल पुस्तकं सांभाळतात. भाऊ ती घालवून बसत. मुलांच्या कपाटात संध्याकाळी एखादं पुस्तक शिल्लक दिसलं की त्यांचा चेहरा लग्नाची पोरगी घरात राहिल्यासारखा होई. मग ते पुस्तक सायकलच्या टोपलीत टाकून निघत आणि जो पहिला पोरगा दिसेल त्याच्या हाती देत. त्याला वाचता येतं की नाही, हे विचारायची पद्धत नव्हती. "कपाटात ठेवलं तं वाळवी खाते, पोट्ट्याले देल्लं तं पोट्टा फाडते. फाडलेलं चिकटवता येते बावा, खाल्लेलं नाई," असं त्यांचं शास्त्र होतं.

चिकटवायचं काम ते स्वतः करत. त्यासाठी भाताच्या पेजेत कडुनिंबाचा पाला उकळून केलेली हिरवट खळ होती. त्यामुळे आमच्या वाचनालयाची पुस्तकं जिभेला कडू लागत. थुंकी लावून पान उलटणाऱ्या पोराचं तोंड वाकडं झालं की भाऊ खूश होत. वाळवीचाही बंदोबस्त आणि सवयीचाही. खळीनं पानं जोडली जात, पण हरवलेली पानं कुठून आणायची? नवी पुस्तकं घ्यायला पैसा नसे. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्यानं येई, तेही उशिरा, आणि त्यातून आधी वर्तमानपत्रांची थकबाकी, मग विजेचं बिल, मग राहिलेला पगार. "उरलं तं पोट्ट्याईचं," असं सचिव म्हणत, आणि उरत कधीच नसे. मग भाऊ चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून गोष्टींची पुस्तकं आणत. त्यांतल्या निम्म्यांना शेवट नसे. शेवट भाऊ तोंडी सांगत, आणि अडचण अशी की प्रत्येकाला वेगळा सांगत. एकदा राजपुत्र मेला की जगला यावरून दोन पोरांची तळ्याच्या पाळीवर अशी जुंपली की एकाचा दात पडला. दोघांना भाऊंपुढं उभं केलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुह्या गोष्टीतला मेला, याच्या गोष्टीतला जगला. त्यात भांडाचं काऊन?"

सभासद व्हायचं तर अनामत रक्कम भरावी लागे. आमच्यासारख्या मजुराच्या घरातली पोरं ती कुठून आणणार? भाऊंनी स्वतःचा कायदा काढला. पोरानं आपली सगळ्यांत आवडती वस्तू कपाटात ठेवायची आणि पुस्तक न्यायचं. पुस्तक परत आलं की वस्तू परत. मी माझी गुल्लेर, म्हणजे गलोल, ठेवली होती. बाभळीच्या बेचक्याची, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. ती ठेवताना मला रडू आलं होतं. पण मी एक पुस्तक परत करून लगेच दुसरं घ्यायचो, त्यामुळे गुल्लेर कपाटातच राहिली. दहावी झाली, बारावी झाली, मी चंद्रपूरला कॉलेजात गेलो, ती तिथंच.

भाऊंचा खरा हंगाम मोहाचा. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला लागून. मोहफुलं गळू लागली की अर्धं गाव पहाटेच रानात. मायबाप फुलं वेचत पुढं सरकत आणि पोरं जमवलेल्या ढिगाजवळ राखणीला बसत. त्या दिवसांत भाऊ मुलांचं सगळं कपाट रानात पाठवून देत, आणि वर ताकीद देत, "मनात वाचाचं नाई. मोठ्यानं वाचाचं. मोहाले अस्वल येते. मानसाचा आवाज आला का ते पलटते." एखाद्या अस्वलाची साक्ष त्यांनी काढली नव्हती, पण सगळं गाव ते मानायचं. सकाळी रानाच्या कडेनं गेलं की झाडाझाडाखालून गोष्टी ऐकू येत. इकडे परी, तिकडे कोल्हा, पलीकडे कुणी अडखळत जोडाक्षर फोडतोय. मला मोठ्यानं वाचायची सवय लागली ती तिथंच. वसतिगृहात माझा खोलीतला सोबती उशी फेकून ओरडायचा, "अबे, इथी अस्वल नाई येत, झोप ना!"

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. अभ्यासाच्या सुट्टीत घरी आलो होतो आणि मोह ऐन भरात होता. वाचनालयाची तपासणी लागली. बालविभाग प्रत्यक्ष दिसला नाही तर त्याचं अनुदान जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी सचिव भाऊंना समजावत होते, "एक दिवसाचा तं सवाल आहे, भाऊ. गावात सांगतो, पुस्तकं मांडू, परवा पुन्हा वाटून टाका."

"पोट्टे गोष्टीच्या मधात आहेत," भाऊ म्हणाले. "मधातून कोनी उठवते का?"

तपासणीला आलेल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मुलांचं कपाट उघडलं. आत गुल्लेरी, भवरे, कवड्या, वासराच्या गळ्यातली घंटी, आणि एका पोरीनं ठेवलेली एकाच पायाची गुलाबी चप्पल.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"मोहाले गेली, मॅडम," भाऊ अभिमानानं म्हणाले.

मॅडमना हसू आलं. मग नोंदवही मागितली. पोरं सभासदच नव्हती, तर नोंद कुठली? त्यांचं हसू गेलं. "भाऊ, मला जे दिसलं तेच लिहिता येतं."

"मंग लिहा ना! कपाट रिकामं आहे. येवढं चांगलं अजून काय पायजे?"

"त्याचा रकाना नाही हो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी थोडा वेळ थांबते. थोडी तरी आणून दाखवा."

भाऊंनी सायकल काढली, मी मागं बसलो. रानाच्या कडेला पहिल्याच मोहाखाली सात-आठ वर्षांची पोरगी मांडीवर धाकट्या भावाला घेऊन वाचत होती. घसा बसला होता, तरी मोठ्यानं. तिची माय पार पलीकडे नाल्याच्या अंगाला वाकलेली, नुसतं लुगडं दिसत होतं. भाऊ सायकल धरून उभे राहिले. मी हळूच म्हणालो, "भाऊ, मांगा ना. दहा-बारा जमली तरी होते."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तिची माय आवाजावर फुलं वेचून राह्यली गा. आवाज बंद झाला तं?"

त्यांनी सायकल वळवली. वाटेत आणखी झाडं लागली, आणखी आवाज ऐकू आले. भाऊ एकाही ठिकाणी थांबले नाहीत. आम्ही रिकाम्या टोपलीनं परतलो.

अहवालात बालविभाग 'आढळला नाही' असा आला. अनुदान गेलं. मोह संपल्यावर पुस्तकं आपापल्या पायांनी परत आली, एखाद-दुसरं सोडून सगळी. पुढचं पुस्तक मिळेल म्हणून पोरांनी वस्तू मात्र कपाटातच राहू दिल्या. पण तोवर समितीनं ती खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला दिली होती. तिथं टेबलं आली, फी आली. अभ्यासिका वाईट नाही. माझ्यासारखीच पोरं तिथं बसतात, आणि मी आज चिमूरला तहसीलमध्ये कारकून आहे तो तसल्याच अभ्यासावर. पण तिथं सगळे मनात वाचतात. पुस्तकं भाऊंच्या घरी माळ्यावर पोत्यात आहेत. भाऊ आता नुसतं अभ्यासिकेचं कुलूप उघडतात आणि लावतात. सचिव अजून म्हणतात, भाऊनंच आपल्या हातानं बुडवलं. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मायचा फोन आला. भाऊ घरी येऊन गेले होते. समितीला कपाट रिकामं करून द्यायचं म्हणून ते सायकलवर दारोदार फिरून ज्याची त्याची वस्तू परत करत होते. चप्पलवाली पोरगी लग्न होऊन गेलेली, भवरेवाला गडचांदूरला सिमेंटच्या कामावर. त्यांच्या घरच्यांकडे ठेवून आले. "लई वाळले रे भाऊ," माय म्हणाली. "चहा बी अर्धाच घेतला. तुही गुल्लेर देऊन गेले."

पुढच्या सुट्टीत घरी गेलो. भाऊ गावात नव्हते, लेकीकडे गेले होते. मी गुल्लेर चिमूरला आणली, तिचं विटलेलं रबर हातात धरून बसलो, आणि मग त्यांना हे पत्र लिहिलं.

ती. भाऊंना सा. नमस्कार.

माय म्हणाली तुम्ही येऊन गेलात. मी नव्हतो. चहा पूर्ण घेत जा.

नोकरी ठीक आहे. दिवसभर लोकांचे अर्ज वाचतो. मोठ्यानं वाचतो म्हणून साहेब रागावतात, पण ज्यांना वाचता येत नाही ती माणसं खिडकीशी थांबून ऐकतात, म्हणून सोडलेलं नाही.

यासोबत गुल्लेर परत पाठवत आहे. कपाट नसेल तर माळ्यावर पोत्यात टाका, पुस्तकांजवळ. तुमचाच कायदा आहे, पुस्तक परत आल्याशिवाय वस्तू परत द्यायची नाही. माझं पुस्तक अजून परत आलेलं नाही, भाऊ. मी मधात आहे.