बाभळीचे दोन काटे

आज इंदुरात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मी पोट भरतो, ते मेहकरच्या आमच्या गुरुजींमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना मान खाली जाणार आहे, आणि मग उपकाराचं राहून जाईल.

मी सहावीत होतो. गुरुजी पुस्तकात नसलेलंही शिकवायचे. पोळा झाल्यावर म्हणाले, बैल करून उरलेली माती आणा. त्या मातीची लांब दोरी वळून ती करवंटीत बसवायची. काही केल्या मावेना. घड्या घालून कोंबली तेव्हा कुठे मावली.

"पाहा रे, तुमच्या डोक्यात मेंदू असाच बसला हाय," गुरुजी म्हणाले. "घड्या पडल्या म्हून मावला."

मग त्यांनी मातीच्या दोन गोळ्या केल्या. एकीत बाभळीचा एक काटा रोवला, दुसरीत दोन, ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर ठेवून. पोराच्या डोळ्यांवर आपलं उपरणं बांधायचे आणि गोळी हळूच टेकवायचे. बोटाच्या टोकावर दोन काटे दोनच लागायचे. तेच कोपराच्या खाली टेकवले की पोरगा म्हणायचा, एक!

"काऊन असं?" गुरुजी विचारायचे, आणि स्वतःच सांगायचे, "मेंदूत बोटाच्या नावावर पाच एकर वावर हाय, अन् हाताच्या नावावर नुसता बांधाचा धुरा. धुऱ्यावर दोन बैल कसे उभे राहतीन?"

आम्ही खूप हसलो. पण जो 'एक' म्हणाला त्यालाही पोरं हसली. "अबे, दोन काटे टोचले अन् एक म्हन्ते! गधा हाय बे तू!" गुरुजी सारखे बजावत होते, "किती काटे हायेत ते नोको सांगू. तुले किती वाटतात ते सांग." माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. गणितात उत्तर चुकलं की हातावर छडी, हे इतकं अंगात मुरलं होतं, की चुकायचं म्हणजेच बरोबर, असा एखादा धडा असू शकतो हे पटेना. माझी पाळी आली तेव्हा मी हनुवटी जरा वर केली. उपरण्याच्या खालून, नाकापाशी, फट होती. मला गोळी दिसत होती. सगळी उत्तरं बरोबर आली. गुरुजींनी नुसतं नवलानं पाहिलं.

पुढच्या महिन्यात डिप्टी साहेब तपासणीला आले. पुस्तक सोडून हे काय चाललंय, अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली होती. हा धडा ठेवायचा की बंद करायचा, ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. साहेबांनी बोट केलं ते पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे.

गुरुजींनी उपरणं बांधलं. कानाशी हळूच म्हणाले, "भिऊ नोको. वाटते तेच सांग."

हात पुढे केला.  साहेबांसमोर चुकलो तर शाळेची अब्रू जाईल, असं वाटलं. हनुवटी वर गेली. गोळी कोपराच्या खाली टेकली.

"किती?"

"दोन."

"आता?"

"एक."

"आता?"

"दोन, साहेब."

साहेब हसले. "मास्तर, तुमचा सिद्धांत ह्या पोराच्या मेंदूला कळवायचा राहिला वाटतं!"

मागून पोरंही खिदळली. उपरणं सोडताना गुरुजींची बोटं माझ्या नाकापाशी थांबली. त्या फटीत. त्यांना कळलं. एक शब्द बोलले असते तर धडा वाचला असता आणि मी साहेबांसमोर लबाड ठरलो असतो. ते म्हणाले, "हो साहेब, एखाद्याची कातडी तेज असते." मीही बोलू शकत होतो. तोंड उघडलं नाही. साहेबांनी शेरा लिहिला: खेळ बंद करावेत, पुस्तक शिकवावे.

बाहेर पोरं माझी पाठ थोपटत होती. "लय हुशार निंघाला बे!"

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. घरी सांगितलं, आता वावरात काम करतो. बापाला बरंच वाटलं.

दोन वर्षांनी गुरुजी स्वतः आमच्या गावी आले. हातात मध्यप्रांत-वऱ्हाडाचा, शाळा सोडल्याचा छापील दाखला आणि इंदूरच्या छापखान्यातल्या ओळखीच्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी. दाखल्यावर त्यांच्या अक्षरात होतं: वर्तणूक चांगली. ते दोन शब्द वाचून मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"गुरुजी, त्या दिवशी मी..."

"राहू दे," ते म्हणाले. "तुह्या बोटात पाच एकर हाय. कामाले लाव."

खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अक्षर सुलटं की उलटं, ते न बघता बोटाला त्या खाचेवरून कळतं. रोज हजारदा कळतं, आणि रोज गुरुजी आठवतात. इथे अजूनही मुद्रितात एक चूक निघाली की हातावरची छडी आठवते. गावाकडून कोणी आलं की मी आधी गुरुजींची खबर विचारतो. म्हणतात, आता पुस्तकच शिकवतात.

मी एक दिवस मेहकरला येईन, गुरुजी. तुमच्या वर्गात पहिल्या रांगेत बसेन. उपरणं दुहेरी बांधा, नाकापाशी कापूस कोंबा. हात पुढे करीन आणि पोरांच्या देखत, डिप्टी असतील तर त्यांच्याही देखत, वाटेल तेच सांगेन. पोरं हसली तर हसू देत. पण तुमचा धडा मी तुम्हाला परत देईन.