टाकळ्याची हिरवळ

श्रीवर्धनला माझी बदली झाली तेव्हा गोरा साहेब नुकताच बंगला सोडून गेला होता. त्याच्या हिरवळीला जागोजागी टक्कल पडलं होतं, उरलेल्यात रान माजलं होतं. कलेक्टर चहाला येणार म्हणून मी वाडीतल्या एका म्हातारीला खुरपायला बसवलं. ती बसल्याबसल्याच पुढे सरकायची आणि प्रत्येक रोपाशी काहीतरी पुटपुटायची. संध्याकाळी पाहतो तर हरळीचं गवत साफ उपटलेलं, टाकळा मात्र डौलात उभा.

“आजी, हे काय केलंत?”

“गवत काढलाय, भाजी ठेवलीय. पावन्याला काय गवत घालनार?”

दुसऱ्या दिवशी कलेक्टर आले. मी माफी मागणार, तोच ते हिरवळीवर भाजी खुडत बसलेल्या म्हातारीशेजारी उकिडवे बसून टाकळा खुडू लागले.

“कवला खुड रं, जून नको,” ती म्हणाली.

“बरं, आजी,” कलेक्टर म्हणाले.

इतक्या नम्रपणे बोलताना मी त्यांना पुन्हा कधीच ऐकलं नाही.